धापेची रेघ

काल मांडवीच्या कोपऱ्यावर पोंक भाजायचा वास आला नि माझे पाय तिथंच थांबले. कोवळ्या ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजतात, मग कापडात गुंडाळून झोडपतात, त्याचा तो गोड, धुरकट, थोडासा ओला वास. बडोद्यात थंडी आली की आधी हा वास येतो, शाली मागाहून निघतात. रस्त्याकडेच्या दोन खांबांना मांज्याची दोरी गुंडाळून वाळत घातली होती, लालभडक, उन्हात चमकत होती. शेवंती माझं बोट ओढायला लागली, "आई, चल ना." मी म्हटलं, "थांब गं, जरा धाप..." आणि माझं मलाच हसू आलं. धाप लागलीच नव्हती. जुनी सवय आहे ती बोलायची. पोंकाचा वास आला की छाती आपोआप घाबरते.

माझ्याबरोबर कामाला असते ती सरूताई म्हणते, त्या थंडीचं लिहून काढ. मी तीन इयत्ता शिकलेली, मला लिहिता काय येणार. ती म्हणते, बोलतेस तसं लिही. म्हणून बोलते.

पाच वर्षं झाली. शेवंती तेव्हा सात महिन्यांची होती, अंगावर पिणारी. आमचे हे प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात, सकाळी भोंगा वाजायच्या आत जायचे. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नि मी. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. आजेसासरे सरकारच्या पागेत शिलेदार होते. घोडी गेली, तलवार भिंतीवर राहिली, आणि रविवारच्या मटणाचा थाट तेवढा तसाच राहिला.

आणि मला धाप लागायची.

आता सांगते, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. पाण्याची घागर घेऊन अगाशीच्या, म्हणजे गच्चीच्या, पायऱ्या चढले की वर जाऊन भिंत धरायची. डोळ्यांपुढं बारीक बारीक चांदण्या यायच्या, भरदिवसा. कानात कुणीतरी दूर कपडे आपटतंय असा आवाज. मला ती धाप ओळखीची होती. माझ्या आईची होती ती. धाकटा भाऊ झाल्यावर आई अशीच भिंत धरायची. मग एक दिवस विहिरीवरून आली, कळशी ओट्यावर ठेवली, शेजारी टेकली आणि म्हणाली, "मथू, जरा बसते गं." बसली ती बसलीच. मी नऊ वर्षांची. महाराजांनी शाळा सक्तीची केलेली, मुलगी घरी ठेवली तर बापाला दंड, म्हणून तिसरीपर्यंत गेले होते. आई गेल्यावर भाऊ माझ्या कडेवर आला नि पाटी राहिली.

म्हणून शेवंतीला पाजताना मी तिच्याकडं बघायची नि मनात म्हणायची, हिला कोण घेईल कडेवर? हिला तर मोठी बहीणही नाही.

एवढंच होतं माझ्या डोक्यात त्या थंडीत. मी जाणार. कधी, तेवढंच ठाऊक नव्हतं.

त्यात मी सरकारी दवाखान्यातल्या सुईणींच्या वर्गाला जायला लागले. ते आत्याबाईंनीच घडवलं. शेवंतीच्या वेळी म्हाताऱ्या सुईणीनं फार हाल केले होते माझे, आत्याबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. मोहल्ल्यात दवंडी आली की थोडं वाचता येणाऱ्या बायका हव्यात, तर त्या म्हणाल्या, "जा. शिक. पुन्हा त्या म्हातारीचा हात आपल्या घरात नको." नाव घालायला गेले तर कारकून म्हणाला, "तब्येत धडधाकट पाहिजे हं. आजारी बाई आम्ही परत पाठवतो." मी मान डोलावली. पदराआडून श्वास घेतला.

वर्गाची खोली मागच्या अंगाला, उंच खिडक्यांची. सकाळचं ऊन फरशीवर चौकोन चौकोन पडायचं, त्यात फिनेलचा वास आणि बाहेरून पोंकाचा. आम्ही बारा बायका. मला वाटलेलं, डॉक्टरबाई खुर्चीवर बसतील, पुस्तक वाचतील, आम्ही घोकू. डॉक्टरबाई पारशी होत्या, बारीक, पांढऱ्या लुगड्यावर छातीशी पिनेनं घड्याळ लावलेलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी काय नाय सांगते. मी सांगेल तर तुमी विसरेल. तुमचा हात सांगेल. चलो, एक जण झोपो."

कुणी झोपेना. मग चंपाबेन उठली. वाडीतली गवळण, चार म्हशींची मालकीण, अंगानं भरलेली. फरशीवर आडवी झाली. बाईंनी आमच्या हातात रांगोळीचा डबा दिला आणि म्हणाल्या, हिच्या अंगाभोवती रेघ काढा. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आडव्या माणसाभोवती रांगोळी! चंपाबेनच खालून ओरडली, "काढो, काढो! जीवती छुं हं, हार नाखता नहीं!" म्हणजे जिवंत आहे मी, हार घालू नका. आणि आम्ही एवढ्या हसलो की भीती उडाली.

चंपाबेन उठून बाजूला झाली, फरशीवर तिची रांगोळीची बाई राहिली. मग बाई म्हणाल्या, आता हिच्या पोटात काय काय असते, ते भरा. ज्याला जसा वाटते. रोज सकाळी दारात कमळं नि गोपद्मं काढणारे हात ते, पण तेव्हा चुकत होते. कुणी हृदय पार डाव्या काखेत काढलं. कुणी आतडी वेणीसारखी घातली. सरूताईनं पिशवी, म्हणजे मूल राहतं ती, बेंबीच्या वर काढली. बाई काही बोलल्या नाहीत. पुसूनही दिलं नाही. "राहू द्या. चूक असेल तर तुमीच येऊन पुसेल." आठ दिवस ती चुकांची बाई फरशीवर पडून होती. आम्ही पदर सावरून तिच्या कडेकडेनं जायचो, कुणाचा पाय लागू नये म्हणून. मला ती स्वप्नात यायची. पांढऱ्या रेघांची, आतून रंगीत, डोळे मिटून हळूच विचारायची, माझं काय कुठं आहे ते सापडलं का गं?

मग एक दिवस ताटातून बोकडाचे अवयव आले. सगळ्या दोन पावलं मागं. सरूताई कारकुनांच्या घरातली, विधवा, केस काढलेली, लाल आलवणात. पाच इयत्ता शिकलेली, आमच्यात सगळ्यात हुशार. ती खिडकीशी जाऊन नाकाला पदर लावून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "हे कोणाला ओळखते?"

मी ओळखत होते. सगळंच ओळखत होते. दर रविवारी मीच धुते, मीच चिरते. मी घाबरत घाबरत म्हटलं, "ही कलेजी. ही तिच्याखाली हिरवी पिशवी, ही फुटू द्यायची नाही, फुटली की सगळं कडू. हे फोफसं. हे हृदय, हे लवकर शिजत नाही..." घाबरले की मी असं काहीतरी बोलते. चंपाबेन खो खो हसली. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या जागेवरून उठून मला तिथं उभं केलं नि आपण बायकांच्यात जाऊन बसल्या. "आज मथुराबाई शिकवेल."

मी! पण हाताला माहीत होतं. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, तो बाईंनी आणून ठेवलेला. म्हणाल्या, फोफशाच्या नळीत घालून फुंक. मी फुंकलं नि ते निजलेलं, काळपट फोफसं हळूहळू फुगलं, गुलाबी झालं, सकाळच्या ढगासारखं झालं. सगळ्या "अगंबाई" म्हणत पुढं आल्या. सरूताई खिडकीपासून एक पाऊल, मग दुसरं. तिनं एक बोट पुढं केलं, फक्त टोक टेकवलं, आणि म्हणाली, "मऊ आहे गं." मग ते बोट तिनं किती वेळ तसंच हवेत धरून ठेवलं.

मला मात्र एवढं फुंकल्यावर चांदण्या दिसत होत्या. टेबल धरून उभी राहिले. शिकवते आहे असं दाखवत.

संक्रांत जवळ आली. खिडकीतून पतंग दिसायचे, रावपुऱ्याच्या छपरांवर. बाई म्हणाल्या, आज श्वास शिकायचा. पुस्तक आपणच. मागचा उंच जिना, वर पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा. जोडी जोडीनं जायचं, एकीनं भरभर चढून उतरायचं, येऊन बसायचं, दुसरीनं तिच्या पाठीवर हात ठेवायचा. बाई घड्याळ बघून टेबलावर पेन्सिल आपटणार. प्रत्येक आवाजाला भिंतीवर कोळशानं एक बोट रेघ वाढवायची. श्वास पहिल्यासारखा झाला की थांबायचं. भिंतीला नुकता चुना दिलेला, पांढरीशुभ्र.

मी चंपाबेनच्या जोडीला. जिन्यात तिसऱ्या वळणावर मला आई दिसली. खरंच दिसली, ओट्यावर बसलेली, हात मांडीवर. मी उतरून आले कशी ते आठवत नाही. चंपाबेनचा हात पाठीवर, पेन्सिल टक, टक, टक, आणि माझा श्वास काही खाली बसेना. मी तिच्या कानात म्हटलं, "चंपाबेन, थांबव गं रेघ. तुझ्या पाया पडते. मला घालवून देतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "अरे गांडी," म्हणाली हळूच, म्हणजे वेडे. आणि चार बोटांवर रेघ थांबवली. तिची स्वतःची पाच बोटं होती. मी म्हशीवालीपेक्षा दणकट ठरले.

सगळ्यांचं झालं. बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या, हात पाठीशी. "भिंत वाचो," म्हणाल्या. "काय दिसते?"

बहुतेक रेघा आखूड. एकच लांबलचक, पार खिडकीच्या चौकटीला जाऊन टेकलेली. सरूताईची. तिच्या जोडीदारणीनं इमानानं काढलेली. सगळ्या आधी रेघेकडं आणि मग सरूताईकडं बघायला लागल्या. ती आलवणाचा पदर पुढं ओढत म्हणाली, "मी एकवेळ जेवते. सोवळं असतं आमच्यात. म्हणून असेल. नाहीतर माझ्यातच काही खोट असेल. मी येत नाही उद्यापासून." आणि तिचा तो टक्कल केलेला माथा खाली गेला.

ती हुशार सरूताई. जिनं बोटाचं टोक टेकवलं होतं. ती एकटी त्या भिंतीवर उघडी पडली होती, नि मी तिच्यापेक्षा जास्त धापणारी, चार बोटांच्या रेघेआड लपले होते. मला शेवंती आठवली. मला घालवलं तर घालवतील, मरायचं ते दोन्हीकडं मरायचंच आहे, असं काहीसं मनात आलं. धीटपणा नव्हता तो. भीतीच इतकी झाली की ती सांडली.

मी उठले. कोळसा घेतला. माझी रेघ वाढवत गेले, वाढवत गेले, सरूताईच्या रेघेच्या पुढं, चौकटीवरून पलीकडं. हात काळा झाला. "माझी खोटी होती बाई," म्हटलं. "मीच थांबवायला सांगितली. चंपाबेनचा दोष नाही."

बाहेर कुणाचा तरी पतंग कापला, दूर ओरडा झाला. मग मागून बांगड्या वाजल्या. पाणीगेटची एक पोरगेलीशी सून उठली, माझ्या हातातून कोळसा घेतला नि आपली रेघ लांबवली. मग आणखी एक उठली. मग आणखी एक. मान खाली घालून, एकेक करून. भिंत बदलली.

बाईंनी तेव्हाही काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "ह्या पाच जणीत सारखा काय आहे? शोधो."

कुणी म्हणालं वय. पण सरूताई चाळिशीची. कुणी म्हणालं बाळंतपण. पण सरूताईला मूल नव्हतं. कुणी म्हणालं नशीब, तर बाईंनी मान हलवली, "नशीब मी नाय शिकवते." मग चंपाबेन भिंतीजवळ गेली. आमच्या पाचीजणींच्या तोंडाकडं एकेक करून पाहत राहिली, गाय-म्हैस पारखतात तशी. आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"आ बधी तो छेल्ली जमे छे," ती म्हणाली. या सगळ्या शेवटी जेवतात. "माझ्या घरात मीच मोठी. मी वाढते, मीच आधी चाखते, दूधपण पिते. या? सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरेल ते. सरूबेन तर एकदाच."



मग बाईंनी मला उन्हात उभं केलं आणि चंपाबेनला माझी खालची पापणी ओढून बघायला सांगितली, मला तिची बघायला. तिची आतून डाळिंबासारखी. माझी कशी, ते तिच्या तोंडावरून कळलं. "सफेद," ती म्हणाली. मग लाकडी नळी माझ्या छातीला लावून तिनं कान टेकवला. मी डोळे मिटले. आता सांगेल, वाटलं. आता आईचं ते सांगेल.

किती तरी वेळ ती ऐकत राहिली. "दौडतंय," म्हणाली शेवटी, "घोड्यासारखं दौडतंय. पण लंगडत नाही."

बाईंनी स्वतः ऐकलं. मान डोलावली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन सांगितलं. "हृदय सारा छे, दीकरी, चांगला हाय. रक्त कमी हाय. खायला पायजे. भाजी, गूळ, कलेजी. तू मरत नाय. तू भुकी हाय."

मी खाली बसले नि रडले. सुटल्यासारखी रडले आधी. मग आई आठवली आणि वेगळंच रडू आलं. आईपण शेवटी जेवायची. खरवड खायची, तव्यावरचा करपलेला तुकडा खायची, म्हणायची मला असंच आवडतं. तिला कुणी कधी भिंतीवर रेघ काढून दाखवली नाही. आणि सहा वर्षं मी दर रविवारी कलेजी शिजवत होते, कोणता तुकडा कुणाच्या ताटात जायचा ते पाठ होतं मला, पण चव ठाऊक नव्हती. कधी उरलीच नव्हती.

वर्गात सांगणं एक. घरात कसं सांगणार? आत्याबाईंना काय म्हणू, तुम्ही मला उपाशी ठेवता? त्यांनी तर ठेवलं नव्हतं. तसंच चालत आलेलं. त्यांच्या सासूनं त्यांना कधी वाढलं होतं?

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी सगळं बडोदं अगाशीवर. आमचे हे पतंगात, मी खालून तिळगुळाचं ताट नि पाण्याची घागर घेऊन वर आले. आत्याबाई उन्हात शेवंतीला मांडीवर घेऊन बसलेल्या. माझी धाप ऐकून म्हणाल्या, "आलं बाई प्रतापनगरचं इंजिन. वाफ सोडा आता."

मी घागर ठेवली. काय सुचलं कोण जाणे, बाईंचंच सुचलं. सांगायचं नाही. हाताला सांगू द्यायचं. म्हटलं, "आत्याबाई, तुमची पापणी बघू जरा. शिकवलंय आम्हाला."

"बघ बाई. डॉक्टरीण झालीस."

मी त्यांची पापणी ओढली. आतून माझ्यासारखीच, कदाचित माझ्याहून पांढरी. मग त्यांच्या बोटानं माझी पापणी ओढली नि म्हटलं, "आता माझी बघा." मग शेवंतीची बघायला लावली. ती गुलाबी, टवटवीत, दुधावरची. त्या कधी माझी, कधी तिची बघत राहिल्या, परत परत. वर आकाश पतंगांनी भरलेलं, सगळीकडून "काप्यो!" चा ओरडा, आणि आम्ही दोघी खाली मान घालून एकमेकींचे डोळे बघत होतो.

"पांढरं म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांचीही तशीच आहे नि कुणाची पांढरी असते तेही सांगितलं, चंपाबेननं सांगितलं तसं. रागावल्या की काय, कळेना. शेवंतीच्या तोंडात तिळगुळाचा एवढासा कण घातला आणि खाली गेल्या.

रविवार आला. मटण झालं. ह्यांचं ताट मांडलं. मी पळी घ्यायला गेले तर आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. पातेल्यात फिरवली, कलेजीचे दोन तुकडे शोधून काढले, पितळेच्या वाटीत घातले, वर झाकण ठेवलं नि वाटी फडताळात सरकवली. मग ह्यांना वाढलं.

हे म्हणाले, "आई, ते काय ठेवलंस?"

"मांजराला," त्या म्हणाल्या. पाठ फिरवून.

हे जेवून गेले. आत्याबाईंनी वाटी काढली, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, एक आपण घेतला. चुलीपुढं उकिडव्या बसून आम्ही खाल्ला. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मी चावत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, नि त्या म्हणाल्या, "तिखट झालंय का?" मी म्हटलं, "हो." तिखट मुळीच नव्हतं.

त्या वर्षी परीक्षेत लिहायला मला फारसं आलं नाही, हातानं दाखवलं. पास झाले. आता मीही घरोघर जाते, सरूताई माझ्याबरोबर येते, ती लिहून घेते. कुठल्याही घरी गेले की मी आधी गरोदर बाईच्या पापणीकडं बघते आणि मग घरातल्या मोठ्या बाईला हळूच विचारते, ही जेवते कधी? भीती गेली का? नाही गेली. जिन्याच्या तिसऱ्या वळणावर आई अजून भेटते. पण आता ती उठून चालायला लागते कधी कधी, कळशी घेऊन, माझ्या पुढंपुढं, आणि मला तिचा श्वास ऐकू येत नाही.

आज रविवार. वर पतंगांचा सराव चाललाय. शेवंती अगाशीवरून धावत खाली आली, गाल लाल, नि माझा हात ओढून आपल्या पाठीवर ठेवला. "मोज ना आई." मी मोजायला लागते न लागते तोच तिचा श्वास जागेवर आला नि ती सुटून पळाली, सरळ फडताळाशी. आमच्या घरात मांजर कधीच नव्हतं. पाच वर्षांत ह्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, कळलंय त्यांना केव्हाच.

"आजी," ती आतून ओरडली, "ही वाटी लहान पडते. मांजरं तीन झाली ना आता."

आणि मोठी वाटी काढल्याचा आवाज आला.